टोमॅटोवरचा पर्णगुच्छ व्हायरस: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं

टोमॅटोचा शेंडा बोकडला, पानं आकसली की लगेच विचारलं जातं, "आता कोणतं औषध मारू?" तोपर्यंत उशीर झालेला असतो. पर्णगुच्छाची लक्षणं लागण झाल्यानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी दिसतात. कुणी याला लीफ कर्ल म्हणतं, कुणी कोकडा, कुणी बोकड्या. आज जे पान वाकडं दिसतंय त्यात विषाणू शिरला तेव्हा झाड हिरवंगार होतं आणि शेतात कुणाला काही संशयही नव्हता.

यातली बहुतेक कामं लोकांना माहीत असतात. जाळी, मल्चिंग (वाफ्यावर प्लॅस्टिकचा पेपर अंथरणं), चिकट सापळे, फवारणी ही नावं नवी नाहीत. घोळ होतो तो क्रमात. मल्चिंग पेपर उशिरा पडतो, जाळीतली रोपं आठवडाभर उघड्यावर ठेवली जातात, रोगट झाड भर दुपारी उपटून बांधावर फेकलं जातं. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत.

## सुरुवातीला एवढं समजून घ्या

हा विषाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि तो पसरवणारी पांढरी माशी त्याच अन्नवाहिन्यांतून रस शोषते. रोगट झाडावर माशी १५ ते ३० मिनिटं बसून रस प्यायली तरी विषाणू तिच्या पोटात जातो. तिथून तो तिच्या लाळेत यायला आणखी काही तास लागतात, साधारण ८ ते २४. त्यानंतर ती जगेल तितके दिवस निरोगी झाडांना लागण करू शकते.

यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढचे सगळे टप्पे त्यांच्यावरच उभे आहेत.

- एकदा लागण झालेलं झाड बरं होत नाही. बुरशीनाशक, अँटिबायोटिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, "व्हायरस स्पेशल" म्हणून विकलं जाणारं टॉनिक, यातलं काहीही झाडातला विषाणू काढू शकत नाही.
- हा रोग हात लागल्याने, कात्रीने किंवा मातीतून पसरत नाही. बियाण्यातून येण्याची भीतीही व्यवहारात धरायला नको. कात्री निर्जंतुक करण्याची सवय इतर रोगांसाठी चांगलीच आहे, पण पर्णगुच्छ त्याने थांबणार नाही.
- नुकसान लागणीच्या वेळेवर ठरतं. रोपवाटिकेत किंवा लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात लागण झाली तर झाड जवळपास फळच देत नाही. फळं सेट झाल्यावर लागण झाली तर आधी धरलेली फळं बहुतेक नीट पोसतात.

म्हणून सगळा जोर बी पेरल्यापासून लागवडीनंतरच्या ४५ दिवसांपर्यंत लावायचा. तेवढा काळ झाड स्वच्छ राहिलं तर नंतरचा प्रादुर्भाव बऱ्याच अंशी सोसता येतो.

## टप्पा १: रोग नक्की कोणता, ते ओळखा

पान वळण्याला अनेक कारणं असतात. चुकीचं निदान झालं तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. पर्णगुच्छात लक्षणं नेहमी शेंड्याकडच्या नव्या पानांवर आधी येतात. नवी पानं लहान राहतात, कडा वर आणि आत वळतात, कडांजवळचा व शिरांमधला भाग पिवळसर पडतो. पेरं आखूड होतात, त्यामुळे शेंडा झुपकेदार आणि ताठ दिसतो. फुलं लागतात पण गळतात.

आता गोंधळात पाडणाऱ्या गोष्टी पाहू.

खालची पानं गुंडाळली, शेंडा मात्र ठीक: पानं जाड आणि चामड्यासारखी झाली असतील, पण रंग हिरवाच असेल तर हा व्हायरस नाही. जास्त ऊन, पाण्यातले चढउतार, नत्राचा जादा डोस किंवा एकदम केलेली जोराची छाटणी यांनी असं होतं. झाड त्यातून सावरतं.

शेंड्याची पानं लांब, अरुंद, पिळलेली, शिरा जवळजवळ समांतर: तणनाशकाचा, विशेषतः २,४-डी चा संशय घ्या. शेजारच्या शेतातून वाऱ्याने उडालेला फवारा किंवा नीट न धुतलेला पंप एवढंही पुरतं. अशा वेळी आजूबाजूची रुंद पानांची इतर पिकं आणि तणंही तशीच पिळलेली दिसतात. ही खूण फार उपयोगाची आहे.

शेंडा आकसलेला आणि पानाची खालची बाजू तांबूस-तकतकीत: हे पिवळ्या कोळीचं काम असू शकतं. १० पट भिंग लागेल, साध्या डोळ्याला कोळी दिसत नाही.

पानांवर तपकिरी-जांभळट ठिपके, फळांवर वलयं: हा फुलकिड्यांनी पसरवलेला ठिपकेदार मर रोग. तोही विषाणूजन्यच, पण कीड वेगळी असल्याने उपायांचा तपशीलही वेगळा असतो.

पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी: मोझॅक. त्यातले काही विषाणू हाताने आणि अवजारांनी पसरतात, म्हणजे तिथे कात्रीची स्वच्छता खरंच महत्त्वाची ठरते.

शंका राहिलीच तर शेंड्याची कोवळी, लक्षणं दिसणारी पानं कोरड्या कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) द्या. जुनी खालची पानं पाठवू नका आणि ओली पिशवीत भरू नका, पोहोचेपर्यंत ती कुजतात.

तपासा: वाकडी झाडं शेतात कुठे आहेत? लागवडीनंतर दोन-तीन आठवड्यांतच सगळीकडे विखुरलेली रोगट झाडं दिसली तर लागण रोपवाटिकेतूनच आली आहे. एका कडेला जास्त आणि आत कमी असतील तर त्या बाजूच्या शेतातून माशी येते आहे. हे उत्तर लिहून ठेवा. पुढच्या हंगामात कोणत्या टप्प्यावर जोर द्यायचा ते यावरूनच ठरतं.

## टप्पा २: पेरणीआधी परिसर मोकळा करा

हे काम बी टाकण्याच्या निदान तीन-चार आठवडे आधी सुरू व्हायला हवं. २५ ते ३० अंश तापमानात पांढऱ्या माशीची अंड्यापासून प्रौढापर्यंतची एक पिढी साधारण तीन आठवड्यांत होते. तेवढा अवधी मोकळा मिळाला नाही तर जुन्या पिकावरची पिल्लं नेमकी तुमच्या नव्या रोपांवर येतात.

1. जुना टोमॅटो आधी संपवा. संपत आलेल्या प्लॉटच्या शेजारी नवी रोपवाटिका करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. त्या प्लॉटवरची प्रत्येक माशी विषाणू घेऊन फिरत असते असं धरून चाला.
2. आपोआप उगवलेली टोमॅटोची रोपं उपटा. कचऱ्याच्या ढिगाजवळ, पाटाच्या कडेला, फेकलेल्या फळांच्या जागी ती हमखास उगवतात आणि कुणी लक्ष देत नाही.
3. धोतरा, रानमकोय यांसारखी टोमॅटोच्याच कुळातली तणं काढा. यांतली काही बाहेरून निरोगी दिसूनही विषाणू बाळगून असतात.
4. मिरची आणि घेवडावर्गीय पिकं जवळ असतील तर ती नजरेखाली ठेवा. पर्णगुच्छ गटातले काही विषाणू त्यांच्यावरही जगतात.

भेंडीबद्दल लोक नेहमी विचारतात. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणू वेगळा आहे, तो टोमॅटोत येत नाही. पण माशी तीच. भेंडी, वांगी, कापूस, वेलवर्गीय पिकं यांवर माशी वाढते आणि तिथून टोमॅटोवर येते. त्यामुळे ही पिकं शेजारी असली तर धोका संख्येचा असतो.

इशारा: तण काढण्याचं काम रोपं शेतात लावल्यानंतर करू नका. वाळत्या तणावरची माशी तिथून उठून जवळच्या हिरव्या रोपावरच बसते.

## टप्पा ३: वाण निवडा, पण त्याच्यावर विसंबू नका

पाकिटावर पर्णगुच्छासाठी "आयआर" असं लिहिलेलं असेल तर अर्थ मध्यम प्रतिकार. टीवाय-१, टीवाय-२, टीवाय-३ अशा जनुकांमुळे हा प्रतिकार येतो. ही जनुकं विषाणूला पूर्ण अडवत नाहीत. विषाणू झाडात शिरतो आणि थोडाफार वाढतोही, फक्त झाड तग धरून फळ देतं. एका भागातल्या विषाणूवर चालणारं जनुक दुसऱ्या भागातल्या विषाणूवर कमी पडू शकतं, म्हणून आपल्या परिसरात कोणता वाण टिकला याची चौकशी पाकिटावरच्या मजकुराइतकीच महत्त्वाची.

प्रतिकारक वाणाची रोपंही जाळीतच वाढवा. कोवळ्या वयात खूप माशा बसल्या तर हे वाणही बोकडतात. आणि प्रतिकारक व साधा वाण एकाच शेतात शेजारी लावू नका. प्रतिकारक झाड धडधाकट दिसत असतं, पण त्याच्यावरून उठलेली माशी शेजारच्या साध्या वाणाला लागण करते.

## टप्पा ४: रोपवाटिका

माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते, म्हणून इथे जरा थांबू.

जाळी: ५० मेशची पांढरी नायलॉन जाळी वापरा. मेश म्हणजे एका इंचात किती छिद्रं. पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची असते आणि तिचं अंग त्याहून खूपच अरुंद. ४० मेशच्या छिद्रातून ती निसटू शकते. साध्या शेडनेटने सावली मिळते, माशी अडत नाही. बारीक जाळीने हवा कमी खेळते, त्यामुळे सांगाडा उंच ठेवा, नाहीतर आत उष्णता आणि दमटपणा वाढून मर लागते.

सांधे आणि दार: जाळी चांगली आणि शिवण उसवलेली, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. जाळीचा खालचा काठ मातीत गाडून टाका. दार दुहेरी हवं, आणि एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं. काम संपल्यावर आत उभं राहून जाळीकडे उजेडाच्या दिशेने पाहा. सुईएवढ्या छिद्रातून झिरपणारा उजेडही लगेच दिसतो. शिवणी, कोपरे आणि पाइप आत येतो ती जागा तेवढी नीट तपासा.

आत जाण्याचा क्रम: सकाळी आधी रोपवाटिकेत काम करा, मग जुन्या पिकात जा. उलटं केलं तर कपड्यांवर बसलेल्या माशा तुमच्याबरोबर आत येतात. पिवळे कपडे घालून रोपवाटिकेत जाऊ नका, पिवळ्या रंगाकडे ही माशी ओढली जाते.

चिकट सापळे: आत पिवळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्याच्या जरा वर टांगा आणि एक सापळा दाराजवळ ठेवा. दाराजवळच्या सापळ्यावर माशा दिसल्या आणि आतल्यांवर नाहीत, तर दार वापरण्याची शिस्त बिघडली आहे. मागच्या कोपऱ्यातल्या सापळ्यावर आधी दिसल्या तर जाळी कुठेतरी फाटलेली आहे.

पाहणी: एका आड एक दिवस काही ट्रे उचलून रोपांच्या पानांची खालची बाजू पाहा. भिंगाखाली अंडी उभी रोवलेल्या बारीक कणांसारखी दिसतात. पिल्लं चपटी, फिकट पिवळसर, जागेवरून न हलणारी असतात.

टणक करणं: लागवडीआधी रोपांना ऊन-वाऱ्याची सवय करायला लोक ट्रे आठवडाभर बाहेर मांडतात. महिनाभर जाळीत सांभाळलेलं रोप या एका आठवड्यात रोगट होतं. पाणी कमी करून आणि वरची सावली काढून रोपं जाळीच्या आतच टणक करा.

आळवणी: लागवडीच्या काही दिवस आधी रोपांना आंतरप्रवाही (मुळांतून शोषलं जाऊन झाडभर पसरणाऱ्या) कीटकनाशकाची आळवणी द्या, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओता. सायॲन्ट्रानिलीप्रोल, थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड यांपैकी तुमच्याकडे टोमॅटोच्या आळवणीसाठी लेबलवर परवानगी असलेलं एकच निवडा आणि लेबलवरचाच डोस वापरा. लागवडीच्या सकाळी घाईघाईत आळवणी दिली तर औषधाला झाडात चढायला वेळ मिळत नाही.

तपासा: रोपं विकत घेत असाल तर ट्रे ताब्यात घेण्याआधी जाळी आणि दार स्वतः पाहा. ट्रे हलक्या हाताने हलवा. पांढरा भुरका उडाला तर ती रोपं घेऊ नका, कितीही सतेज दिसली तरी.

## टप्पा ५: रोप यायच्या आधी शेत तयार

1. अडथळा पीक. मका, ज्वारी किंवा बाजरीच्या दोन-तीन ओळी शेताच्या चारही कडांना, लागवडीच्या तीन ते चार आठवडे आधी पेरा. ही पिकं टोमॅटोपेक्षा उंच झालेली असतील तरच वाऱ्याबरोबर येणारी माशी त्यांच्यावर अडते. टोमॅटोबरोबरच पेरलेला मका पहिल्या महिन्यात गुडघ्याएवढाच असतो, म्हणजे गरजेच्या वेळी उपयोगाचा नाही.
2. ठिबक आणि गादीवाफे. बेसल डोसमध्ये (लागवडीआधीच्या खतात) नत्र हात राखून द्या. लुसलुशीत, गर्द वाढीवर माशी जास्त बसते.
3. चंदेरी मल्चिंग पेपर. चंदेरी बाजू वर. तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने उडती माशी गोंधळते आणि झाडावर कमी उतरते. हा परिणाम पेपर उघडा दिसतो तोवरच असतो. झाडांनी निम्म्याहून जास्त पेपर झाकला की तो ओसरतो. तेवढ्यात धोक्याचे पहिले आठवडे निघून जातात, म्हणून पेपर लागवडीआधीच अंथरलेला हवा. मातीने माखलेला पेपर प्रकाश परावर्तित करत नाही. भर घालताना माती उडाली तर पेपर धुऊन काढा.

## टप्पा ६: लागवडीचा दिवस

सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर लागवड करा. तेवढेच ट्रे जाळीबाहेर काढा जेवढे तासाभरात लागतील. बाकीचे बांधावर मांडून ठेवू नका.

क्रॉप कव्हर (रोपांच्या ओळीवर कमानींवरून ओढायचं पातळ कापड) वापरणार असाल तर कमानी आधी रोवून ठेवा आणि ओळ लावून झाली की त्याच दिवशी कव्हर ओढा. "उद्या टाकू" म्हटलं तर एका दिवसात आत शिरलेली माशी कव्हरखाली सुरक्षित वाढते, आणि हे न वापरण्यापेक्षा वाईट. कडा मातीने दाबा. फुलं यायला लागली की कव्हर काढा, नाहीतर आतल्या उष्णतेने फूल गळतं आणि वाऱ्याअभावी परागीकरणही नीट होत नाही.

पिवळे सापळे लागवडीच्याच दिवशी लावा. त्यांनी माशी संपत नाही, ती कधी आणि कोणत्या बाजूने आली एवढं ते सांगतात. झाड वाढेल तसा सापळा वर सरकवा. पानांत बुडालेला सापळा काही सांगत नाही.

इशारा: एकाच शेतात पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तुकडे लावणं टाळा. पहिल्या तुकड्यातली माशी दुसऱ्या तुकड्याच्या कोवळ्या रोपांवर उतरते. नाइलाजच असेल तर नवा तुकडा वाऱ्याच्या दिशेने जुन्याच्या वरच्या बाजूला लावा, म्हणजे वारा माशीला नव्याकडे आणणार नाही.

## टप्पा ७: पहिले ४५ दिवस, आठवड्यातून दोनदा पाहणी

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. थंडाव्यात माशी सुस्त असते, पान उलटलं तरी लगेच उडत नाही. दुपारी तीच पाहणी केली तर पानाला हात लागायच्या आत माशा उडून जातात आणि "माशी फारशी नाही" असा समज होतो.

1. नागमोडी चालत निदान २० झाडं पाहा. कडेच्या ओळींतली थोडी जास्त घ्या.
2. प्रौढ माशीसाठी शेंड्यापासूनचं तिसरं ते पाचवं पान. देठाला धरून अगदी हळू उलटा.
3. पिल्लांसाठी खालची, जरा जुनी पानं. शेंड्यावर अंडी घातली जातात आणि झाड वाढत जातं, त्यामुळे मोठी पिल्लं खालच्या पानांवर सापडतात.
4. प्रत्येक वेळी संख्या वहीत लिहा. आकडा मागच्या खेपेपेक्षा वाढतोय की घटतोय हे पाहायचं आहे.
5. शेंडा संशयास्पद दिसलेल्या झाडाला रंगीत फीत बांधा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा.

इतर किडींसाठी "पानामागे इतक्या दिसल्या की फवारा" अशी आर्थिक नुकसान पातळी चालते. या रोगात पहिल्या महिन्यात तिच्यावर थांबू नका. विषाणू घेऊन आलेल्या मोजक्या माशाही पुरेशा असतात. परिसरात रोग असेल आणि सापळ्यावर माशी दिसायला लागली तर हालचाल करा.

## टप्पा ८: रोगट झाड काढण्याची रीत

इथे होणारी चूक सगळीकडे सारखीच आहे. भर उन्हात झाड धरून ओढायचं, हलवून माती झाडायची आणि ओळीतून मिरवत बांधापर्यंत न्यायचं. त्या झाडावरच्या माशा तेवढ्यात वाटेतल्या झाडांवर बसलेल्या असतात.

योग्य क्रम असा:

1. आदल्या संध्याकाळी फीत बांधलेल्या झाडांवर आणि त्यांच्या लगतच्या झाडांवर साबणद्रावण किंवा शिफारस केलेलं स्पर्शजन्य कीटकनाशक पानांच्या खालून फवारा.
2. दुसऱ्या दिवशी सकाळी, माशी सुस्त असताना, लेबलवरचा शेतात पुन्हा शिरण्याचा अवधी पाळून जा.
3. झाडावर वरून प्लॅस्टिकची पिशवी सरकवा. हलवू नका.
4. बुंध्याशी पिशवीचं तोंड आवळा, मग झाड कापा किंवा उपटा.
5. पिशवी बांधून दिवसभर कडक उन्हात ठेवा, मग झाडं गाडून टाका.

रिकाम्या जागी पुन्हा रोप लावायचं का? लागवडीला आठ-दहा दिवसच झाले असतील आणि जाळीतली रोपं शिल्लक असतील तर लावा. त्यानंतर नको. उशिरा लावलेलं कोवळं रोप मोठ्या झाडांमध्ये अडकतं आणि माशी त्यालाच गाठते.

फळं सेट झाल्यानंतर एखाद्या झाडाचा शेंडा बोकडला तर ते काढण्यात फारसा अर्थ नाही.

## टप्पा ९: फवारणी कधी, कशी, कोणती

फवारणीचं काम माशीची संख्या दाबून ठेवणं एवढंच. बाहेरून येणारी माशी औषधाने मरेपर्यंत लागण करून बसलेली असू शकते. सायॲन्ट्रानिलीप्रोल, फ्लुपायराडीफ्युरोन यांसारखी औषधं माशीचं रस शोषणं लवकर थांबवतात, म्हणून कोवळ्या अवस्थेत त्यांचा उपयोग इतरांपेक्षा जास्त होतो. पायरिप्रॉक्सिफेन, बुप्रोफेझिन, स्पायरोमेसिफेन यांचा मुख्य परिणाम अंडी आणि पिल्लांवर होतो. ही मारल्यावर दुसऱ्या दिवशी प्रौढ माशी उडताना दिसली म्हणून औषध खोटं ठरवू नका आणि लगेच दुसरं मारू नका.

- गट बदला. सलग दोन फवारण्या एकाच गटाच्या, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने काम करणाऱ्या औषधांच्या, नकोत. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही नावं वेगळी असली तरी गट एकच आहे. आळवणीला यातलं एखादं वापरलं असेल तर लगेच त्याच गटाची फवारणी करू नका.
- सिंथेटिक पायरेथ्रॉइड सारखी वापरू नका. त्यांनी मित्रकीटक मरतात, माशीत मात्र प्रतिकार वाढतो, आणि थोड्याच दिवसांत ती आधीपेक्षा जास्त होते.
- नोझल खालून वर. माशी, अंडी, पिल्लं सगळी पानाच्या खालच्या बाजूला असतात. वरून पान धुवून काढणारी फवारणी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.
- साबण, तेल, निंबोळी अर्क अंगाला लागले तरच काम करतात. कडक उन्हात मारल्यास पानं करपतात.
- बुरशीजन्य जैविक घटक (बिव्हेरिया, लेकॅनिसिलियम) दमट हवेत आणि संध्याकाळी मारा. त्यांच्याबरोबर बुरशीनाशक मिसळू नका.
- फुलोऱ्यात मधमाश्यांना घातक औषधं टाळा. काढणी सुरू झाल्यावर लेबलवरचा प्रतीक्षा कालावधी मोजूनच तोडा करा.

तपासा: फवारणीनंतर लगेच पाच-सहा झाडांची मधली पानं उलटून पाहा. खालची बाजू ओली नसेल तर औषध बदलण्याआधी नोझल आणि चालण्याचा वेग बदला.

इशारा: तीन-चार औषधं एका टाकीत मिसळण्याची सवय सोडा. त्यात शेंडा भाजला तर तो व्हायरसचा की औषधाचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा १०: रोग पसरलाच तर

फुलं येण्याआधी एक तृतीयांशाहून जास्त झाडं बोकडली असतील तर माझा सल्ला प्लॉट मोडण्याचा आहे. मन तयार होत नाही हे मी समजू शकतो. रोपं, पेपर, मजुरी सगळं घातलेलं असतं. पण पुढचे दोन महिने त्या झाडांना खत-औषध घालून हाती फारसं येत नाही, आणि तोवर आसपासच्या सगळ्यांच्या टोमॅटोला तिथून माशी पुरवली जाते.

पहिले दोन-तीन घोस सेट झालेले असतील तर पीक ठेवा. पाणी आणि पालाश नियमित द्या, नत्र वाढवून शेंडा "फोडण्याचा" प्रयत्न करू नका. नवी फूट निघेल, पण तीही बोकडलेलीच निघेल. धरलेली फळं काढा आणि हंगाम लांबवू नका.

## टप्पा ११: पीक संपवताना

शेवटचा तोडा झाला, ठिबक बंद केलं आणि झाडं उभीच वाळायला सोडली, असं सर्रास होतं. झाड वाळू लागलं की सगळी माशी एकदम उठून जवळचं हिरवं पीक गाठते.

1. झाडं हिरवी असतानाच माशीवर एक शेवटची फवारणी करा, पानांच्या खालून.
2. लेबलवरचा अवधी संपला की झाडं बुंध्याशी कापा आणि एक-दोन दिवसांत सगळा प्लॉट उरका. थोडं थोडं करत आठवडे घालवू नका.
3. काढलेला पाला बांधावर न ठेवता गाडा किंवा प्लॅस्टिकखाली झाकून कुजवा.
4. बांबू-तारा काढल्यावर गळालेली फळं गोळा करा. त्यांतूनच पुढची आपोआप उगवणारी रोपं येतात. पंधरा दिवसांनी पुन्हा फेरी मारून उगवलेली उपटा.
5. निदान महिनाभर त्या जागी आणि आजूबाजूला टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, घेवडा किंवा वेलवर्गीय पीक नको. मका किंवा ज्वारी चालेल.

हा मोकळा काळ एकट्याने पाळला तर थोडा फायदा होतो, शेजारच्यांनी मिळून पाळला तर खूप. डॉमिनिकन प्रजासत्ताकात या रोगाने टोमॅटो हातचा जाऊ लागला तेव्हा वर्षातले तीन महिने पांढऱ्या माशीची यजमान पिकं घ्यायचीच नाहीत असा नियम करण्यात आला, आणि प्रतिकारक वाणांच्या जोडीने त्यांचं पीक पुन्हा उभं राहिलं. तीन महिने सगळ्यांना जमणार नाहीत. पण पुढच्या हंगामाचं बी टाकण्याआधी शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलून सगळ्यांचे जुने प्लॉट कधी मोडायचे आणि रोपवाटिका कोणत्या आठवड्यात टाकायच्या, एवढ्या दोन तारखा ठरवणं शक्य आहे. त्या तारखा ठरल्या की टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करा.